पोटावर बसलेलं विमान

१४ जून १९८७, रविवार

मी एकसष्ट वर्षांचा, नाना सदुसष्टचा, आणि आज त्याने मला खेळणं बनवायला सांगितलं.

नाना म्हणजे माझा थोरला भाऊ कौतिक. एसटीत ड्रायव्हर होता, आता निवृत्त होऊन धुळ्याला देवपुरात वहिनीबरोबर राहतो. डोळे दाखवायला काल जळगावला आला. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजवा डोळा गेल्यातच जमा आहे, आणि डाव्याने बांगडीतून पाहिल्यासारखं मधलं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणाले, "मोतीबिंदू असता तर काढला असता, आजोबा. ही गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकावी म्हणून थेंब देतो, पण वर्षाची खात्री देत नाही." नानाने ते गाडीची वेळ ऐकावी तसं ऐकून घेतलं. घाम मला फुटला.

तिथून माझ्या सोनारकामाच्या दुकानात येऊन बसलो, तर डाळमिलवाले दलिचंदशेठ बगलेत एक खोकं घेऊन हजर. त्यांचा पुतण्या मिलची यंत्रं बघायला जपानला गेला होता. नानाने म्हणे हिवाळ्यातच त्यांच्याकडे शब्द टाकला होता. मला पत्ता नाही. खोक्यावर हिरव्या विमानाचं चित्र, पंखावर लाल गोळा, आणि इंग्रजीत नाव 'हायाबुसा'. शेठ म्हणाले, "शिकारी पक्ष्याचं नाव आहे, भाऊ. लढाईतलं विमान. आत नुसते तुकडे आहेत, जोडायचं आपणच."

नाना मला म्हणाला, "मन्हा डोया शेत तवलग माले हाई देखनं शे. तुन्हासारखा हात कोनाच नही."

डोळे आहेत तोवर विमान बघायचंय, हे एक वेळ समजलं; पण पंचेचाळीस वर्षांत माझ्या हाताबद्दल हा पहिला चांगला शब्द. मी अर्धवट राहिलेलं जोडवं घेतलं आणि ठोकायला लागलो. नाना लगेच उठून बाहेर पायरीवर जाऊन बसला. हे नेहमीचंच. हातोडीचा आवाज झाला की हा उठतो. बापाचा धंदा त्याला कानालासुद्धा नको.

चव्वेचाळीस साली हा फौजेत लॉरी चालवत ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर होता. तिथे असलं विमान बघितलं असेल. म्हातारपणी माणसाला काय आठवेल सांगता येत नाही. तो जे सांगेल ते विसरायला नको म्हणून दलिचंदशेठच्या मिलची ही डायरी काढली आहे. दरवर्षी येते आणि कोरीच जुनी होते.

१९ जून

प्लास्टिकचे बारके तुकडे, सगळे काड्यांना लटकलेले. सूचना जपानीत, पण चित्रं आहेत. चित्र कळलं की सोनाराला भाषा लागत नाही. पूर्ण झाल्यावर वीतभर होईल. एक एक तुकडा काडीवरून कापून कानशीने साफ करतोय. गिऱ्हाईक आलं की खण बंद करतो. म्हातारा खेळतोय म्हणून सराफ बाजारात बोभाटा नको.

प्रमिलाने विचारलं, "नथ आहे का कोणाची?" मी हो म्हटलं. मग तिने खणात डोकावून पाहिलं आणि दिवसभर मला "पायलटसाहेब" म्हणत राहिली. पस्तीस वर्षांच्या संसारात बायको एवढी कधी हसली नव्हती.

५ जुलै

खोक्यातली चिकटवायची नळी वाळून दगड झालेली. एका पाइपवाल्याकडून पाइप जोडायचं सोल्यूशन आणलं. एक थेंब जास्त पडला आणि पंख विरघळायला लागला. घासून घासून सरळ केला. आता सांधा कुठे आहे ते मलाच सापडत नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

आधी सगळीकडून चंदेरी रंग दिला, वरून हिरवा. लाल गोळे हाताने काढले, कंपास न लावता.

१२ जुलै, रविवार

आज एसटीने धुळ्याला गेलो. विमान कापसात घालून दागिन्याच्या डब्यात ठेवलं होतं, डबा मांडीवर. एरंडोल, पारोळा, सगळे खड्डे मी माझ्या गुडघ्यांवर झेलले.

असं चकचकीत झालं होतं की त्यात तोंड दिसावं. नानाने ते डाव्या डोळ्याजवळ नेलं, हळूहळू फिरवलं. वहिनी चहाचा कप घेऊन तशाच उभ्या. मग त्याने ते माझ्या हातात परत दिलं.

"हाई दुकानमधलं शे, लोटन. हाई कधी उडेलच नही. इतलं चमकत नव्हतं ते."

एवढंच. जेवायला शेवभाजी होती, मी अर्धी भाकर खाऊन उठलो. सोनाराने कान टोचले तर दुखत नाहीत म्हणतात. सोनाराचे कान ड्रायव्हरने टोचले तर काय होतं, ते मला आज कळलं.

१४ जुलै

राग जात नाही म्हणून लिहितो.

बेचाळीस साली नाना कोणाला न सांगता फौजेत भरती झाला. मी सोळा वर्षांचा, चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा पास. मास्तर म्हणत होते, मुंबईला पाठवा, पोराच्या हातात कला आहे. आबांनी, आमच्या वडिलांनी, मला शाळेतून काढलं आणि नानाच्या जागी शेगडीसमोर बसवलं. मी मनात म्हटलं, नाना परत येईल आणि मी सुटेन. नाना परत आला सेहेचाळीसला. दुकानात आला, पाऊण तास बसला, आणि आबा हातोडी चालवत असताना उठून जो गेला, तो परत बसलाच नाही. एसटी निघाली तशी एसटीत लागला. आबांनी कारण विचारलं तर म्हणे, "माझ्याकडून होत नाही." होत नाही! तुझ्याकडून होत नाही म्हणून माझं आयुष्य गेलं की नाही, ते एकदा तरी विचारलंस?

आणि आता मी बनवलेलं विमान याला पसंत नाही. ठीक आहे. खणात राहू दे. मीही पुन्हा हात लावणार नाही आणि धुळ्यालाही जाणार नाही.

२० ऑगस्ट

वहिनींचं कार्ड आलं. शेजारच्या मुलीकडून लिहवून घेतलंय. नाना दारच्या पायरीवरून पडला, गुडघा सोलला. डाव्या बाजूचं काही दिसत नाही आता. खाली एक ओळ: 'विमानचं इचारतस रोज. पण तुमले लिखू नको म्हने.'

सव्वा महिना मी फुगून बसलो होतो. प्रमिला एवढंच म्हणाली, "तुमचा राग त्यांच्या डोळ्यांना कुठे कळतो?"

२३ ऑगस्ट, रविवार

धुळे. आज विमान दाखवलं नाही, नुसतं विचारलं आणि लिहून घेतलं. नाना डोळे मिटून सांगत होता आणि मी शाळकरी पोरासारखा मांडीवर डायरी घेऊन बसलो होतो.

हिरवा रंग पोपटी नको. उन्हाने विटलेला, वाळल्या पाल्यासारखा. लाल गोळा धुतलेल्या विटेसारखा. रंगाचे पोपडे गेलेले, आतला पत्रा चकाकतो, पण सगळीकडे नाही. डाव्या पंखाच्या मुळाशी, जिथे पाय देऊन चढतात, तिथे सर्वांत जास्त. नाकाच्या बाजूला धुराची नळी, तिथून मागे काळा पट्टा, पंखावर जाऊन फाटतो. पोटाला तेल. पंख्याची दोन पाती मागे वाकलेली. शेपटीवर डाव्या बाजूला पाच भोकं, तिसरं मोठं.

मी विचारलं, "चाकांना चिखल लावायचा का?"

"चाकं काढी टाक. पोटवर बसेल व्हतं ते."

"विमान पोटावर बसलेलं तू कुठे पाहिलंस?"

त्याने चहा मागितला. मग म्हणाला, सकाळी ऊन आधी शेपटीवर यायचं, दुपारी नाकावर, आणि संध्याकाळी काचेवर. मी म्हटलं, काचेचं सांग, आत काय काय होतं? "काच ऱ्हाऊ दे," म्हणाला आणि उठून भिंतीला धरून मोरीकडे गेला.

लॉरी चालवता चालवता याने एवढं सगळं कधी पाहिलं, देव जाणे. ड्रायव्हरची नजर म्हणायची. थोडं पदरचंही घालत असेल. पण पाच भोकांतलं तिसरं मोठं, हे कोणी पदरचं घालतं का?

३० ऑगस्ट

आयुष्यभर मी एकच काम केलं: जुन्याला उजाळा. बायका काळवंडलेली पोत आणतात, रिठ्याच्या पाण्यात घालायची, ब्रश फिरवायचा, जिल्हई द्यायची, नवी करून परत. आता नव्याचं जुनं करायचंय आणि हात ऐकत नाहीत. काल दिव्याची काजळी रॉकेलमध्ये कालवून फासली, तर विमान होळीतून काढल्यासारखं झालं. पुसून टाकलं.

६ सप्टेंबर

बसस्टँडवर जाऊन तासभर गाड्यांचे पत्रे बघत बसलो. एका कंडक्टरने विचारलं, "कुठे जायचं बाबा?" म्हटलं, कुठेच नाही. तो लांब सरकला.

पण एक गोष्ट कळली, आणि ती मला ठाऊकच होती. वस्तू सगळीकडून सारखी जुनी होत नाही. जिथे हात लागतो, पाय पडतो, वारा घासतो, तिथेच होते. बांगडी हातात घेतली की मी सांगतो, ही बाई जात्यावर बसणारी आहे की धुण्यावरची. सारं आयुष्य मी त्या खुणा ओळखल्या आणि पुसून टाकल्या. आता त्याच काढायच्या आहेत.

२० सप्टेंबर

जमतंय. कानशीच्या टोकाने हिरवा रंग खरवडला की खालचा चंदेरी दिसतो. नाना म्हणाला तसा पंखाच्या मुळाशी जास्त. गेरू वस्त्रगाळ करून गोळ्यांवर चोळला. काजळी कोरड्या ब्रशने, नळीपासून मागे, फुंकर मारत. चाकं काढून टाकली, पाती कोमट करून वाकवली. भोकं सुईने, तिसऱ्याला दाभण.

प्रमिला म्हणते, "नवीन वस्तूची अशी दशा करताना तुमचा हात कसा धजतो?" मला हसू आलं. खरं सांगायचं तर इतका आनंद मला नथ घडवतानाही झाला नव्हता.

११ ऑक्टोबर

झालं. वरून वार्निशचा हात द्यायला हवा होता, म्हणजे काजळी पक्की बसली असती. पण वार्निशने चमक येते, आणि नानाने चमक नको म्हणून बजावलंय. कोरडंच, रंगाच्या बाटल्यांसकट घरी आणून ठेवलं. बोट लागलं तर निघेल, पण बोट लावायचंय कोणाला?

लगेच जायला हवं. पण दसरा झाला, दिवाळी तोंडावर, सराफ्यात मान वर करायला फुरसत नाही. पाडव्याला जातो, दिवाळीही होईल. वहिनींना कार्ड टाकलं: विमान तयार आहे, नानाला सांगा.

१८ ऑक्टोबर, रविवार

काय लिहू.

दुपारी दुकानातून जेवायला घरी आलो तर प्रमिला ओसरीत बसलेली. समोर पाटावर देव, समया, तिचे चांदीचे वाळे, सगळं लखलखीत. दिवाळीची घासणी. शेजारी रिठ्याच्या पाण्याचं घमेलं, पाणी काळं झालेलं. आणि देवांच्या रांगेत विमान. स्वच्छ. हिरवंगार. लाल गोळे कुंकवासारखे.

"केवढं मळलं होतं हो ते!" म्हणाली. "रंगाचे टवके गेले होते तिथे तुमच्या बाटलीतला रंग लावून दिला. म्हटलं, नानांना आधीच दिसत नाही, निदान स्वच्छ तरी दिसू दे."

पाच आठवडे. मी तिला काय काय बोललो ते लिहीत नाही. एवढं लिहितो की सोनाराच्या घरात पस्तीस वर्षं राहून तुझ्या डोक्यात उजेड पडला नाही, असं म्हणालो. खरं तर सोनाराच्या घरात राहिली म्हणूनच तिच्याकडून हे झालं. मळलेलं दिसलं की धुवायचं, हे तिला मीच शिकवलं. विमान कशासाठी मळवतोय ते तिला कधी धड सांगितलं नाही. माझा काहीतरी चाळा चालला आहे असंच तिला वाटत होतं.

ती न जेवता झोपली. मीही.

२३ ऑक्टोबर, पाडवा

धुळ्याला गेलो. पुन्हा सगळं करायला पाच दिवसांत कुठे जमणार होतं? ठरवलं, नानाला खरं काय ते सांगायचं, धुतलेलं दाखवायचं, आणि महिनाभराची मुदत मागायची.

नाना खाटेवर भिंतीला टेकून बसला होता, नवा सदरा घालून. मी डबा उघडला. तोंड उघडायच्या आत त्याने हात पुढे केले. विमान घेतलं, डाव्या डोळ्यापाशी नेलं, पंखाच्या टोकापासून शेपटीपर्यंत फिरवलं, बोटांनी पाठ चाचपली. खूप वेळ.

मग म्हणाला, "हां. हाईच ते. बठ्ठं तसंच शे. काजयी बी शे."

मी त्या हिरव्यागार विमानाकडे बघतोय, त्याच्याकडे बघतोय. दारात वहिनी उभ्या होत्या, पदर तोंडात धरून. मला आत बोलावलं आणि चुलीपाशी हळूच म्हणाल्या, "आठ दिन व्हयनात भाऊ, त्यास्ले काहीच दिसत नही. माले बी सांगं नही. भाकर चाचपी चाचपी लेतस."

आठ दिवस. मी अकराला काम संपवलं होतं.

परत बाहेर आलो. सांगायचं ठरवलेलं सगळं गिळून टाकलं. त्याच्याजवळ बसलो आणि खोटं बोललो. म्हटलं, नाना, डाव्या पंखाच्या मुळाशी बघ किती पोपडे गेलेत. नळीपासून काळा पट्टा गेलाय, पंखावर जाऊन फाटलाय. शेपटीवर पाच भोकं, तिसरं मोठं. त्याचं बोट धरून एकेका जागी नेत होतो. तो मान हलवत होता. भोकं तेवढी खरी होती.

बोट काचेपाशी आलं तेव्हा थांबलं. आणि मग तो बोलला. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांत मी त्याला एका दमात एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

लॉऱ्यांचा तांडा चालला होता. नदीच्या वाळूत हे विमान पडलेलं सापडलं, पोटावर. साहेबाने नानाला तिथे पहाऱ्यावर ठेवलं आणि तांडा पुढे गेला. तपासणीची माणसं येईपर्यंत थांबायचं, वीस पावलांच्या आत जायचं नाही. आदल्या आठवड्यात असंच पडलेलं विमान उघडताना बाँब फुटून तिघं गेले होते. नाना चोविसाव्या वर्षात. एकटा. तांडा गेल्यावर त्याला कळलं की आत माणूस जिवंत आहे.

काच अडकलेली होती. आतून तो काहीतरी ओरडायचा. जपानी कोणाला कळतं? पण पाणी मागणाऱ्याची भाषा कोणालाही कळते. मग काचेवर ठोकायचा. टक टक. थांबून पुन्हा टक टक. तीन दिवस. दुसऱ्या दिवशी ओरडणं बंद झालं, ठोकणं चालू राहिलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तेही थांबलं. चौथ्या दिवशी माणसं आली, काच फोडली. बाँब वगैरे काही नव्हतं. साहेब म्हणाला, शाब्बास.

"मन्हा कमरले पानीनी बाटली व्हती, लोटन. भरेल व्हती."

मी म्हटलं, नाना, हुकूम होता.

"हुकूम व्हता. भेव बी व्हतं. मी त्यानाकडे देखंच नही. तीन दिन इमानकडे देखत ऱ्हायनू. पोपडा मोजात. भोकं मोजात. काचकडे नजर गई तं खाले लेई येऊ."

विमान हुबेहूब समोर आलं तर एकदा तरी नजर वर करता येईल, असं त्याला वाटत होतं. "डोया जावाना पहिले एक डाव त्याना तोंडकडे देखानं व्हतं." मग म्हणाला, आता राहिलंच ते.

मी दुकानातल्या हातोडीचं विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. बारक्या हातोडीचा आवाज कसा असतो, माझ्याइतका कोणाला ठाऊक? आबांनी त्याला कामचुकार म्हटलं. मी मनात त्याहून वाईट म्हटलं, आणि ते चाळीस वर्षं म्हणत आलो.

२५ ऑक्टोबर

प्रमिलाला सगळं सांगितलं. ती ऐकून ढसाढसा रडली. म्हणाली, "मी धुतलं नसतं तरी त्यांना दिसलं नसतंच ना?" मी म्हटलं, नसतं दिसलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला. पण माझा हिशोब वेगळा आहे. जुलै-ऑगस्टात मी खणाला कुलूप लावून बसलो नसतो तर दसऱ्याच्या आत झालं असतं. तेव्हा त्याला दिसत होतं. अकरा तारखेला जरी गाडीत बसलो असतो, तरी बाराला त्याने पाहिलं असतं. हे मी कोणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहितो.

८ नोव्हेंबर

पुन्हा सुरुवात केली. कोणी सांगितलं नाही. आंधळ्यासाठी काजळी लावतोय, म्हणजे मला वेड लागलं असं लोक म्हणतील. पण मी त्याच्या तोंडावर खोटं बोललोय, आणि ते खरं करून दिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

काजळी प्रमिला धरते आहे, एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली पालथी घालून, डोळ्यांत घालायचं काजळ करतात तशी. गेरूही तिनेच चाळला. तिने रंगवलेले पोपडे मी पुन्हा खरवडले तेव्हा ती तोंड फिरवून बसली होती.

२२ नोव्हेंबर, रविवार

आज देऊन आलो.

नाना अंगणात उन्हाला बसला होता. काठी आणली आहे, पण धरत नाही. मी विमान त्याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, नाना, थोडं दुरुस्त करून आणलंय. त्याने बोट फिरवलं. पंखाचं मूळ, नळी, शेपूट. मग बोट नाकाशी नेऊन हुंगलं, अंगठ्यावर चोळलं.

"आज बोटले काजयी लागनी," म्हणाला. "दिवायीले कोरं व्हतं."

"तुला माहीत होतं?"

"सारी जिंदगी गाडीना पत्रा पुसात, लोटन. कोरा पत्रा माले समजत नही?"

"मग 'तसंच आहे' का म्हणालास?"

"तू इतला लांबतीन लेई येल व्हता." मग म्हणाला, "तू बी तं सांगतच व्हता. पोपडा शेत, काजयी शे."

वहिनी आत शेंगा भाजत होत्या. त्याने विमान मांडीवरून उचललं आणि समोर जमिनीवर ठेवलं, पोटावर. हात मागे घेतला. मग पुन्हा पुढे नेला आणि काच शोधून काढली. या वेळी बोट थांबलं नाही. काचेच्या कडेने फिरलं, सांधा सापडला, नख घातलं. मी काच चिकटवलीच नव्हती, नुसती बसवली होती. ती निघाली.

"पानी आन."

मला वाटलं, तहान लागली असेल. तांब्या भरून आणला. त्याने तो घेतला नाही, ओंजळ पुढे केली. मी ओतलं. निम्मं पाणी कोपरावरून ओघळलं. उरलेलं त्याने विमानाकडे नेलं, कोपराने अंदाज घेत, आणि थेंब थेंब त्या उघड्या जागेत सोडलं.

"ले भाऊ," म्हणाला. "पे."

पाणी आत भरलं आणि बाहेर वाहायला लागलं. काजळी निघाली, गेरू निघाला, पंखावरून लाल-काळा ओघळ जमिनीवर आला. पंधरा दिवसांचं काम माझ्या डोळ्यांदेखत धुऊन जात होतं.

त्याने ओंजळ पुन्हा पुढे केली. मी पुन्हा ओतलं.